पांढऱ्या साड्यांची रांग

साड्या यवतमाळातून घेतल्या होत्या, सगळ्यांच्या एकाच दुकानातून. पांढऱ्याशुभ्र, निळ्या बारीक काठाच्या. राळेगाव-कळंबकडच्या बौद्ध बाया बुद्ध पौर्णिमेला, दीक्षेच्या दिवशी, लग्नाकार्यातसुद्धा पांढरी साडी नेसतात. पांढरं म्हणजे त्यांच्यासाठी सणाचं. आणि आता तर सारनाथला जायचं होतं, जिथं भगवंतानं पहिल्यांदा धम्म सांगितला. दुकानात रुखमाबाईनं साडी अंगाला लावून नवऱ्याला विचारलं, "कशी दिसते?" उकंडा म्हणाला, "बगळ्यावानी." सगळ्या बाया हसल्या, तीही हसली.

सारनाथच्या आधी बनारस. यात्रा नेणारा धर्मपाल राळेगावचाच. त्यानं सांगितलं होतं, "बनारस पाहाचं त गंगेतून पाहाचं. क्रूझवर बसवतो तुमाले सगळ्याईले." म्हणून त्या सकाळी उकंडा मोठ्या दुमजली बोटीच्या वरच्या मजल्यावर खुर्ची टाकून बसला होता, आणि समोरून अख्खं शहर सरकत चाललं होतं.

त्यानं असं शहर कधी पाहिलं नव्हतं. नदीतून वर पायऱ्याच पायऱ्या निघालेल्या, त्यावर किल्ल्यासारखे वाडे, त्यांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा. कोणी आंघोळ करतंय, कोणी साड्या वाळत टाकतंय, कोणी डोकं भादरून घेतंय. बोटीवरचा कर्णा हिंदीतून सांगत होता, हा घाट अमुक राजानं बांधला, तो तमुक राणीनं. उकंडाच्या गावाजवळ वर्धा नदी होती, पण ती उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडता येत असे. हे पाणी वेगळंच होतं. संथ दिसायचं, पण बोटीच्या कडेनं असं सरसर मागे पळायचं की पाहणाऱ्याला गरगरावं.

एका घाटाशी एक देऊळ कललेलं दिसलं. पाण्यात पाय घसरल्यासारखं एका अंगाला वाकलेलं, तरी उभं. उकंडाला वाटलं, हे रुखमीला दाखवावं. बाया सगळ्या खालच्या मजल्यावर काचेच्या आत गार हवेत बसल्या होत्या. सकाळपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती, तेही मिटवून टाकावं, असा त्याचा विचार होता. तो गजाला धरत धरत लोखंडी जिना उतरला.

खाली गार होतं. बाया खिडक्यांना लागून बसल्या होत्या, मांडीवर समोस्यांचे डबे. त्याच्या धाकट्या भावाची पोरगी दीपा कळंबला अंगणवाडीत शिकवत होती. ती मोबाईलवर घाटांचे फोटो काढत होती.

"मोठीआई कुठी हाय तुही?"

"त्या काय, कोपऱ्यातल्या खिडकीपाशी. डोळा लागला वाट्टे."

उकंडा कोपऱ्यात गेला. पांढऱ्या पदरानं झाकलेलं डोकं काचेला टेकलेलं होतं. त्यानं खांद्याला हात लावला. "अवं, उठ. वरतं चाल. देऊळ पाह्य कसं वाकडं झालं."

डोकं वळलं. कपाळावर चंदन, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात दात नाहीत. ती रुखमाबाई नव्हती.

तिच्या साडीला काठही नव्हता. हे त्याला आता दिसलं.

"रुखमी कुठी हाय?" तो म्हणाला. मग मोठ्यानं, सगळ्यांना, "रुखमी कुठी हाय?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, ती माझ्या मागं होती. दुसरी म्हणाली, माझ्या पुढं. दीपानं शौचालयाचं दार वाजवून पाहिलं. उकंडानं खुर्च्यांच्या रांगांतून जाताना एकेकीचा चेहरा पाहिला, ज्यांना तो पोरवयापासून ओळखत होता त्यांचाही, जणू त्यांच्या आत कुठं ती बसली असेल. मग तो वर धावला, खाली आला, पुन्हा वर गेला. धर्मपाल पुढच्या टोकाला उभा राहून कोणाशी फोनवर सारनाथच्या जेवणाचं बोलत होता.

"धर्मपाल, माही बुढी नाई बोटीवर."

"हाय ना काका. मी सोता मोजून चढवलं. एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. माणसं बरोबर भरली."

"तू खाली चाल."

धर्मपाल खाली आला. त्यानं कोपऱ्यातल्या म्हातारीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला आठवलं. घाटावर बोट सुटायची घाई होती, बोटीवाले ओरडत होते. पायऱ्यांवर पांढऱ्या साड्यांची रांग होती. रांगेच्या शेवटी एक म्हातारी बसून राहिली होती. त्यानं तिचा दंड धरून उठवलं, "चला आजी, पाय उचला," म्हणत हाताला धरून फळीवरून बोटीत आणलं. ती मुकाट आली.

दीपानं म्हातारीला हिंदीतून विचारलं, "माजी, आप किसके साथ आईं?"

"इसी भैया के साथ," म्हातारीनं धर्मपालकडे बोट दाखवलं. "हाथ पकड़ के लाए. हमने समझा, कोई दानी हैं. आते रहते हैं दानी लोग. कोई कंबल देता है, कोई खिचड़ी. आज नाव की सैर करा रहे हैं." ती हसली. हातात समोसा होता, त्याचा मऊ बटाटा तेवढा तिनं खाल्ला होता.

बाकीचं हळूहळू कळलं. ती विधवा होती, वरच्या गल्लीतल्या विधवांच्या आश्रमात राहत होती. तिथल्या बाया रोज सकाळी घाटावर भजनाला बसायच्या. भजन झालं की आश्रमाची सेविका येऊन त्यांना रांगेनं परत न्यायची. आणि त्याच पायरीवर, गुडघे दुखतात म्हणून, रुखमाबाई टेकली असणार. इकडं यात्रेच्या बाया पांढऱ्या, तिकडं आश्रमाच्या बाया पांढऱ्या. धर्मपालनं एक उचलली. मग सेविकेनं कोणती उचलली?

"म्हणजे मोठीआई तिकडं गेली," दीपा म्हणाली.

"कशी जाईन?" उकंडा ओरडला. "तिले तोंड नाई काय? सांगनार नाई काय का मी यात्रेची हाय म्हून?"

पण बोलता बोलताच त्याला आठवलं. रुखमाबाईच्या कपाळाला कुंकू नसायचं. त्यांच्या घरात सासऱ्यानं दीक्षा घेतल्यापासून कोणी लावत नव्हतं. बांगड्या ती शेतात निंदायला जायची तेव्हापासूनच घालत नसे. काळी पोत होती, पण निघताना रवीनं, त्यांच्या पोरानं, बजावलं होतं, सोनं घरीच ठेव माय, गर्दीत ओढतात. पोत पेटीत राहिली. फोन उकंडाच्या खिशात. आधार कार्ड त्याच्याच पिशवीत. तिच्याजवळ एक रुमाल तेवढा होता. काशीच्या पायरीवर पांढऱ्या साडीत एकटी बसलेली म्हातारी. कोणीही पाहून काय म्हणेल?

आणि सकाळचं बोलणं. ते आता कोणाला सांगायची सोय नव्हती, पण त्याच्या कानात तेच वाजत होतं. धर्मशाळेच्या जिन्यावर ती एकेक पायरी बसत बसत उतरत होती, खाली सगळे खोळंबलेले, आणि त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तुह्यापायी सगळे थांबून राह्यले. सोडूनच जातो तुले इथं काशीत, बस मंग भीक मांगत." लोक हसले होते. ती हसली नव्हती.

तिला वाटलं असेल, खरंच सोडून गेला. असं तिला वाटलं असेल, तर ती कोणाला काय सांगणार? काही सांगणारच नाही.

तो बोट चालवणाऱ्याच्या खोलीपाशी गेला. दाराशी देवीलाल नावाचा निळ्या शर्टाचा माणूस उभा होता, त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती.

"भाऊ, गाडी थांबव. इथंच उतरव मले."

"चाचा, ये ऑटो थोड़े है. नाव आगे से घूमेगी, फिर वापस वहीं लगेगी. बीच में कहीं नहीं लगा सकते."

"माही बायको राह्यली ना भाऊ! बायको, बायको छूट गयी!"

"मिल जाएगी चाचा. काशी में कोई खोता नहीं." देवीलालचा आवाज वाईट नव्हता. पण त्यानं दार लावून घेतलं.

दार लागल्यावर उकंडानं त्यावर मुठी मारल्या. मग कठड्याशी गेला आणि एक पाय वर टाकला. त्याला पोहता येत होतं, लहानपणी वर्धेत म्हशीच्या शेपटाला धरून शिकला होता. किनारा दिसत होता. पायऱ्यांवरची माणसं दिसत होती. मागून धर्मपालनं त्याच्या कमरेला मिठी मारली.

"काका! येडे झाले काय? दोन मुडदे नेऊ काय मी राळेगावले?"

"दोन?" उकंडा वळला. त्यानं धर्मपालची कॉलर धरली. "दोन कोनते बे? सांग ना, दुसरा कोनता?"

दीपानं मध्ये येऊन हात सोडवले.

मग फोन सुरू झाले. बसचा ड्रायव्हर भावसिंग याला धर्मपालनं सांगितलं, घाटावर जा. भावसिंग म्हणाला, बस शहराबाहेर लावायला लावली आहे, इथून रिक्षानं यायलाच तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागेल, तरी निघतो. पोलिसांच्या नंबरावर एका बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि फोटो पाठवा म्हणाली. दीपानं मोबाईल उघडला. त्या सकाळचा फोटो होता, धर्मशाळेसमोर सगळ्या यात्रेचा. पांढऱ्या साड्यांच्या तीन रांगा. दीपा दोन बोटांनी फोटो मोठा करत गेली, चेहरे फुटत गेले. रुखमाबाई दुसऱ्या रांगेत होती. नेमका पुढच्या बाईचा पदर वाऱ्यानं उडाला होता, आणि तिचं अर्धं तोंड त्यामागं होतं. जे अर्धं दिसत होतं, ते खाली पाहत होतं.

"दुसरा नाई काय?" उकंडानं विचारलं.

दुसरा नव्हता. त्याच्या फोनमध्ये बैलाचे फोटो होते, नातीचे होते, रवीच्या नव्या गाडीचे होते. बायकोचा एकही नव्हता.

"हाच पाठव," तो म्हणाला.

बोट जातच राहिली. कर्णा सांगत होता, इथं चिता कधी विझत नाही. एका घाटावर लाकडांचे ढीग रचलेले, त्यातून धूर, आणि लोक बांबूची तिरडी घेऊन उतरत होते. वरच्या मजल्यावरचे दुसऱ्या गावांचे प्रवासी हात जोडून उभे राहिले, काहींनी फोटो घेतले. उकंडानं तिकडं पाठ केली. पण पाठ केली तरी दुसऱ्या काठाला काही नव्हतं, नुसती वाळू. म्हणून त्याला पुन्हा शहराकडेच पाहावं लागलं. आणि जिकडं पाहावं तिकडं पांढरं. पायरीवर बसलेली पांढरी, छत्रीखाली पांढरी, पाण्यात उभी पांढरी. दोनदा त्यानं कठड्यावर वाकून हाक मारली. एकदा एका बाईनं लांबून हात हलवला, बोटीवरच्या कोणत्याही माणसाला हलवतात तसा.

तो खाली आला तेव्हा ती म्हातारी अजून खिडकीशीच होती. काचेला नाक लावून पाहत होती. तिचा तो आनंद पाहून उकंडाच्या डोक्यात आग गेली.

"उठ इथून," तो म्हणाला. "हे माह्या बायकोची जागा हाय. उठ!"

म्हातारी लगेच उठली. अशी उठली की जणू तिला रोजच कोणीतरी उठवतं. समोस्याचा डबा छातीशी धरून ती वाटेत उभी राहिली, बोट हलली तशी हलली. दीपानं तिला धरलं.

"मोठेबाबा! तिचा काय दोष हाय?"

उकंडा मटकन खाली बसला. खुर्चीवर नाही, खालीच. थोड्या वेळानं म्हातारी त्याच्या समोरच्या खुर्चीच्या काठावर टेकली.

"हम बहुत साल से हैं काशी में," ती त्याला म्हणाली, समजूत काढल्यासारखी. "ऊपर से गंगाजी रोज देखते हैं. गंगाजी से काशी कभी नहीं देखी. आज देखी."

उकंडानं बाहीला डोळे पुसले.

"भतीजा लाया था नहलाने. बोला, बैठो चाची, नारियल लेके आता हूँ." तिनं हात पालथा केला. एवढंच. मग म्हणाली, "तुम तो लौट रहे हो न. फिर क्यों रोते हो?"

"तिले कुठं माहीत हाय, मी लौटून राह्यलो म्हून," उकंडा म्हणाला. त्याची अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी तिला कळली असावी, कारण तिनं हातातला समोस्याचा डबा त्याच्यापुढं केला.

दीपानं तिला आश्रमाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, माताजींचा आश्रम. तसे तिथं पुष्कळ होते. पत्ता? तो तिला येत नव्हता. लाल पिंपळाच्या गल्लीतून, मग गाईच्या बोळातून, मग जिथं मिठाईवाल्याची भट्टी आहे तिथून वर. "हम ले चलेंगे," ती म्हणाली.

बोट वळली. परतीला ती प्रवाहासोबत होती, तरी उकंडाला वाटलं, ती उलटीच चालली आहे. घाट लागायच्या आधीच तो दाराशी उभा राहिला. फळी टाकल्या टाकल्या तो आणि दीपा म्हातारीला घेऊन उतरले. धर्मपाल बाकीच्यांना सांभाळायला थांबला. ज्या पायरीवर सकाळी रांगा होत्या, तिथं कोणी नव्हतं. झेंडूच्या पाकळ्या होत्या, एक कुत्रं झोपलं होतं. चहावाल्यानं सांगितलं, भजनवाल्या बाया कधीच्या गेल्या.

"चलो माई," उकंडा म्हणाला. "जल्दी चलो."

पण जल्दी ते कसलं. पायऱ्या उंच होत्या आणि म्हातारीचे गुडघे गेलेले. ती एक पाय वर ठेवायची, हातानं मांडी दाबायची, मग दुसरा पाय ओढून त्याच पायरीवर आणायची. मग थांबून श्वास घ्यायची. उकंडा चार पायऱ्या पुढं जायचा आणि परत यायचा. त्याला एकटं पळता येत नव्हतं, वाट तिच्या डोक्यात होती. वरून लोक धडाधड उतरत होते, एकानं तिला धक्का दिला, ती बसलीच.

"अवं, पाय उचल ना!" तो तिच्यावर ओरडला, आणि जिभेवर आलेलं पुढचं त्यानं गिळलं. मग त्यानं वाकून तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला, कमरेला धरलं, आणि तिच्याच चालीनं एकेक पायरी चढू लागला. तिच्या अंगाला कापराचा आणि जुन्या कपड्याचा वास होता. तिचं वजन काहीच नव्हतं, पण प्रत्येक पायरीला ती थांबत होती आणि त्यालाही थांबावं लागत होतं. सगळं आयुष्य रुखमी त्याच्या मागून अशीच चालत आली असणार. शेतातून, बाजारातून, राळेगावच्या एसटी स्टँडवरून. तो पुढं. ती कशी येते हे त्यानं कधी मागं वळून पाहिलंच नव्हतं.

पिंपळ आला. गाईच्या बोळात खरोखर एक गाय आडवी उभी होती. दीपानं तिला ढकललं, ती हलेना, म्हणून ते भिंतीला घासून गेले. भट्टीपाशी म्हातारी गोंधळली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"याद करो माई. याद करो ना."

"दुकान का रंग बदल दिया मुओं ने," ती म्हणाली आणि डावीकडे वळली.

आश्रमाचं दार जुनं, लोखंडी पट्ट्यांचं होतं आणि आतून बंद होतं. दीपानं कडी वाजवली. बऱ्याच वेळानं चष्मेवाली सेविका आली. म्हातारीला बाहेर पाहून ती दचकली. "अरे, आप बाहर कैसे? मैं तो सब को गिन के लाई थी." तिच्याही मोजणीत माणसं बरोबर भरली होती.

उकंडा दारात उभा राहून बोलू लागला, पण त्याचं बोलणं एकात एक अडकलं. दीपानं सांगितलं. सेविकेनं ऐकलं, मग उकंडाला वरून खाली पाहिलं.

"एक माँजी हैं नई," ती म्हणाली. "हमसे कह रही थीं, मेरा आदमी नाव पर है. मैंने कहा, हाँ अम्मा, सबका नाव पर ही गया है. पहले दिन सब यही कहती हैं." तिनं मान खाली घातली. "रो रही थीं. फिर चुप हो गईं. आप देख लीजिए."

आत लांब खोली होती. बाया पंगतीला बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून दोन रांगा, दाराकडे पाठी. पाठीच पाठी. पांढरे पदर, वाकलेल्या माना, पत्रावळींवर वाकलेले खांदे. वाढणारी बाई बादलीतून भात टाकत चालली होती. उकंडा उंबऱ्यावर थांबला. त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि पुन्हा उलटं पाहिलं. निळा काठ शोधला, पण काठ मांडीखाली दबलेले. त्याला ती ओळखू येईना. जिच्यासोबत जन्म काढला, तिची पाठ त्याला ओळखू येईना.

"अवं!" त्यानं हाक मारली.

पुरुषाच्या आवाजानं खोलीभर माना वळल्या. सगळ्या. कोणाच्या तोंडात घास होता, कोणाचा हात तसाच हवेत. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच गोष्ट होती, आणि ती त्याला पाहून लगेच विझत गेली. एकेक मान परत पत्रावळीकडे गेली.

एकच मान वळली नव्हती. भिंतीपाशी, दुसऱ्या रांगेत.

तो बायांच्या मधून, पत्रावळी चुकवत गेला आणि तिच्या शेजारी मोकळ्या जागेत बसला. रुखमाबाईनं भाताला हात लावला नव्हता. तोंड सुजलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"रुखमी," तो म्हणाला.

"काहून आले?"

त्यानं तिच्या पुढची पत्रावळ सरळ केली.

"ह्या बाया मले विचारून राह्यल्या, कवा मेला तुहा मालक. मी म्हनलं, जिता हाय. त्या म्हनतात, हाव बाई, आमचाई जिताच होता." तिनं रुमालानं नाक पुसलं. "मंग मले वाटलं, खरंच असन."

"मी बोटीवर होतो. मले वाटलं, तू खालतं बसली. मी देऊळ दाखवाले आलो तुले... वाकडं देऊळ..." त्यानं पंजा कलता धरून दाखवला. "अवं, मी उडी टाकत होतो पान्यात. विचार दीपीले. धर्मपालनं धरलं."

"टाकाची होती."

"उठ. चाल."

"गुडघे धरले. जिराक बसू द्या."

वाढणारी बाई येऊन पोहोचली. पंगतीत एक माणूस वाढलेला पाहून तिनं काही न विचारता त्याच्यापुढंही पत्रावळ टाकली आणि भात वाढला. उकंडानं भाताकडे पाहिलं. मग त्याला रडू कोसळलं, भर पंगतीत, बायांसमोर, पोरासारखं. रुखमाबाईनं त्याच्याकडे तेव्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जेवा," ती म्हणाली. "अन्नापुढं रडू नाई."

तो जेवला. तीही चार घास जेवली. दीपा दाराशी त्या दुसऱ्या म्हातारीजवळ उभी होती. ती म्हातारी शेजारणींना हातवारे करून सांगत होती, तिकडून काशी कशी दिसते, सगळं कसं एवढंएवढं दिसतं, आणि त्या जेवायचं थांबवून ऐकत होत्या. निघताना उकंडानं तिच्यापुढं हात जोडले. "जय भीम, माई," तो म्हणाला, दुसरं काही त्याला येत नव्हतं. तिनं त्याच्या गालावर हात फिरवला आणि आत जाऊन आपल्या जागी बसली. सेविकेनं दार लावलं.

गल्ली उतरताना उकंडा मागं राहिला. मुद्दाम. रुखमाबाई पुढं, भिंतीला हात लावत, एकेक पाय टाकत. वाटेत दीपानं धर्मपालला फोन लावला, मग भावसिंगाला, आणि सांगता सांगता तीही रडू लागली. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. उकंडा रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. मोटारसायकलवाल्यानं शिवी दिली, त्यानं ऐकून घेतली.

रुखमाबाई थांबली. मागं न वळता तिनं विचारलं, "हाय ना मांगं?"

"हाव. हाय."

ती पुढं निघाली. भट्टी गेली, बोळ गेला. गाय तिथंच होती. पिंपळाखाली ती पुन्हा थांबली.

"हाय ना?"

"हाय ना वं. मांगंच हाय."

बाकीचे सगळे खाली घाटावर वाट पाहत होते. तिथून पांढऱ्या साड्यांचा घोळका हात हलवू लागला, बाया तिच्या नावानं हाका मारू लागल्या. रुखमाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिथंच उभी राहिली, पुढं पाऊल टाकेना. तिचा हात मागं आला, हवेत चाचपडत, बोटं उघडी. उकंडानं पुढं होऊन त्यात आपला हात दिला. तिनं तो असा आवळला की त्याची बोटं दुखली. तरी तिनं पुन्हा विचारलं.